तोडकरांची पापणी

कुमुदबाईंच्या सायकलचं मागचं चाक मी स्टँडवर चढवलं होतं आणि फिरवून बघत होतो. बाई दुकानाच्या पायरीवर उभ्या होत्या. त्या आमच्या गल्लीतली बालवाडी चालवायच्या आणि माझी निलू त्यांच्याकडेच जायची.

"मल्लिकार्जुन, एक सांगायचंय," त्या म्हणाल्या. "काल आम्ही आंधळी कोशिंबीर खेळलो."

"पडली का निलू?"

"पडली नाही. तिच्यावर राज्य होतं. खेळताना पट्टी घसरली आणि नुसत्या उजव्या डोळ्यावर राहिली. डावा डोळा उघडाच होता. बाकीची पोरं अशा वेळी चोरून बघतात आणि लगेच पकडतात. ही जागच्या जागी उभी राहिली आणि रडायला लागली. म्हणाली, काय दिसंना."

मी चाक थांबवलं. "तिची पापणी जरा खाली आहे बाई. आमच्या घराण्यातच आहे ते. माझी बघा, आप्पांची बघा."

"ते दिसतंय मला. पण जूनमध्ये आली तेव्हा मान वर करून, हनुवटी पुढं काढून बघायची. आता तसंही बघत नाही."

"ती सवय मी मोडली," मी म्हणालो, आणि खोटं कशाला सांगू, जरा अभिमानानंच म्हणालो.

"तरी डोळ्याच्या डॉक्टरला एकदा दाखवा," बाई एवढंच बोलल्या. मी उजवा डोळा रिमला लावून चाकाचा आउट, म्हणजे वाकडेपणा, काढला, स्पोक आवळले, पैसे घेतले आणि विषय डोक्यातून काढून टाकला.

ही पंच्याण्णव सालची गोष्ट. तासगावात बाजारपेठेच्या टोकाला आमचं सायकलचं दुकान होतं. आधी आप्पांचं, म्हणजे माझ्या वडिलांचं, मग माझं. आम्हा तिघांची, आप्पांची, माझी आणि निलूची, डाव्या डोळ्याची पापणी जन्मापासून अर्धी मिटलेली. आप्पा ती मिरवायचे. कुणी विचारलं की म्हणायचे, "तोडकरांची पापणी आहे ही. आमच्या घरातलं पोर जत्रेत हरवलं तरी सापडतं." ते चालायचे मान मागं टाकून, छाती काढून. गावात त्यांना लोक गर्विष्ठ म्हणायचे. तोडकर आभाळ बघत चालतो, असं पाठीमागं बोलायचे.

मला ते मिरवता आलं नाही. शाळेत मला 'झोप्या' म्हणायचे. पहिलीत असताना मीही आप्पांसारखी मान वर करून फळ्याकडे बघायचो, तर मागच्या बाकावरची पोरं माझी नक्कल करायची आणि सगळा वर्ग हसायचा. आठवडाभरात मी मान खाली घातली, ती तशीच राहिली. पुढं कुणी फारसं चिडवलं नाही. म्हणून निलू रांगायला लागल्यापासून मान वर करून बघायला लागली तेव्हा मला तो मागचा बाक आठवायचा. मुलीची जात, उद्या शाळेत जाईल, पोरं नक्कल करतील. ती जेवताना, चित्रं बघताना हनुवटी वर करायची आणि मी बोटानं हळूच खाली करायचो. "निलू, मान." दिवसातून वीस वेळा. कधी मारलं नाही, ओरडलो नाही. चार वर्षांची होईपर्यंत तिची मान सरळ झाली.

कुमुदबाई माझ्याकडून निघाल्या त्या थेट आमच्या घरी गेल्या आणि गिरिजाशी बोलल्या.

संध्याकाळी मी घरी आलो तर गिरिजा निलूला भरवत बसली होती. तिनं मला हाक मारली. "अहो, इकडं या. बघा हं." तिनं भाताचा घास निलूच्या तोंडात दिला आणि दुसऱ्या हाताच्या तळव्यानं निलूचा डावा डोळा झाकला. निलू आपली चावत राहिली, समोरच्या मांजराकडे बघत राहिली. मग गिरिजानं उजवा डोळा झाकला. निलूनं लगेच मान झटकली आणि हात ढकलला. गिरिजानं पुन्हा झाकला. निलू रडकुंडीला आली आणि दोन्ही हातांनी आईचं मनगट धरून ओढायला लागली.

"सकाळपासनं चार वेळा बघितलं," गिरिजा म्हणाली. "डावा झाकला तर तिला पत्तासुद्धा लागत न्हाई."

"पापणी खाली आहे तर त्या डोळ्यानं कमी दिसणारच. त्यात काय?"

"मिरजेला न्यायचं."

"आणि ते काय करतील? कापतील. चेहरा बिघडवून ठेवतील पोरीचा. औषधाच्या दुकानातल्या जिनपालनं सांगितलंय मला, डोळ्याला सुरी लावायची नसते."

"जिनपालला रांजणवाडीचा मलम इकायचा माहीत. त्याला काय इचारताय?"

आप्पा आतून बाहेर आले. त्यांनी सगळं ऐकलं होतं. "सूनबाई, मी सहासष्ट वर्षं या डोळ्यानं काढली. हा बत्तीस वर्षं काढतोय. अख्ख्या तालुक्यात याच्यासारखा चाकाचा आउट कुणी काढत न्हाई. आमचं काय अडलं?"

गिरिजा आप्पांसमोर कधी आवाज चढवून बोलायची नाही. तेव्हाही चढवला नाही. "तुमचं न्हाई अडलं, आप्पा. पण मी सोमवारी जाणार हाय. कुणी आलं तर आलं, न्हाईतर मी आणि निलू."

तीन दिवस मी तिच्याशी धड बोललो नाही. मला राग नेमका कशाचा आला होता ते तेव्हा कळलं नव्हतं. निलूचा डोळा दुरुस्त करायचा म्हणजे माझा चेहरा नादुरुस्त आहे असं माझ्या बायकोनं म्हटल्यासारखं वाटत होतं. लग्नाला सहा वर्षं झाली होती आणि तिनं माझ्या पापणीबद्दल कधी एक शब्द काढला नव्हता.

सोमवारी सकाळी ती निलूला पिवळा फ्रॉक घालून, डबा बांधून निघाली तेव्हा मी चप्पल घातली. आणि आप्पाही टोपी घालून बाहेर आले. "मी येतो. सुरीबिरी लावायला लागले तर सांगायला कुणीतरी पाहिजे."

दवाखाना मिरजेतल्या एका अरुंद गल्लीत, पहिल्या मजल्यावर होता. डॉक्टर बाई होत्या, डॉक्टर हेर्लेकर. चाळिशीच्या, बारीक अंगाच्या, बोलायला मऊ. त्यांनी आधी निलूशी गप्पा मारल्या. मांजराचं नाव विचारलं. मग भिंतीवरच्या पेटीत दिवा लावला. त्यावर इंग्रजी ई काढले होते, कुठं उजवीकडे तोंड, कुठं खाली, कुठं वर. निलूच्या हातात तसाच एक लाकडी ई दिला आणि म्हणाल्या, "त्याची बोटं जिकडं, तिकडं तुझी बोटं कर."

दोन्ही डोळ्यांनी निलूनं भराभरा केलं. डावा झाकून तसंच केलं. मग बाईंनी उजवा झाकला आणि डावी पापणी अंगठ्यानं हळूच वर धरली. निलूनं लाकडी ई छातीशी धरून ठेवला. सगळ्यात वरचा, माझ्या पंजाएवढा ई होता.

"बोटं कुठं आहेत बाळा?"

"बोटं नाहीत," निलू म्हणाली.

बाईंनी तिच्या डोळ्यांत औषध घातलं, तासाभरानं पुन्हा आत घेतलं, यंत्रातून बघितलं, भिंगं लावून बघितलं. मग आम्हाला समोर बसवलं.

"पापणी उचलणारा स्नायू जन्मतःच कमजोर आहे," त्या म्हणाल्या. "आणि पापणी बाहुलीवर येते. त्यामुळे त्या डोळ्यात चित्र नीट पोचतच नाही. डोळा आतून चांगला आहे. पण मेंदूनं त्याच्याकडून काम घेणं बंद केलंय. याला आळशी डोळा म्हणतात. आधी पापणी उचलायचं ऑपरेशन करू. मग चष्मा, आणि चांगल्या डोळ्यावर रोज काही तास पट्टी, म्हणजे दुसऱ्याला काम करावं लागेल."

'आळशी' हा शब्द मी शाळेत पुष्कळ ऐकला होता. बॉल अंगावर यायचा आणि माझा हात दुसरीकडेच जायचा, तेव्हा क्रीडाशिक्षक मला हेच म्हणायचे.

"मॅडम," मी म्हणालो, "माझीही पापणी अशीच आहे. मला काय झालंय? मी बारीक कामं करतो. केसाएवढा फरक असला तरी चाकातला मला दिसतो."

"कुठल्या डोळ्यानं बघता?"

मी उत्तर द्यायला तोंड उघडलं आणि थांबलो. चाक बघताना एक डोळा मिटायचाच असतो, सगळेच मिटतात. मी कायम डावा मिटायचो. कधी उजवा मिटून बघितलंच नव्हतं.

"बसा इकडे," त्या म्हणाल्या.

त्यांनी माझा उजवा डोळा काळ्या पुठ्ठ्यानं झाकला. समोर अंधुक झालं. मी म्हणालो, "पापणी आडवी येतीय म्हणून."

"बरोबर. आपण ती वर घेऊ." त्यांनी चिकटपट्टीचा तुकडा घेऊन माझी डावी पापणी वर ओढली आणि कपाळाला चिकटवली. "आता आड काही नाही. वाचा."

या खेपेला पेटीत मराठी अक्षरं होती. तिथं काही तरी पांढरं चौकोनी होतं, त्यात काळसर डाग होता. मी डोळा ताणला. डाग डागच राहिला. मी डोकं पुढं काढलं, तरी तसंच.

"सावकाश," त्या म्हणाल्या. "घाई नाही."

मी अंदाजानं म्हणालो, "ग."

"ते क आहे," निलू म्हणाली. कुमुदबाईंनी तिला तेवढी अक्षरं शिकवली होती.

बाईंनी तीनचार भिंगं लावून बघितली. फरक पडला नाही. त्यांनी चिकटपट्टी हलक्या हातानं काढली. "या डोळ्यानं तुम्हाला कधीच नीट दिसलेलं नाही, तोडकर. तुम्हाला ते कळायचं कारणही नव्हतं. दुसरा डोळा फार चांगला आहे."

"आता काही...?"

"पापणी उचलता येईल, दिसायला बरं दिसेल. पण नजर आता येणं अवघड आहे. ते शिकायचं वय सातआठ वर्षांपर्यंतचं. तुमची मुलगी चार वर्षांची आहे. पहिल्या एकदोन महिन्यांतच आणली असती तर सोपं गेलं असतं, पण उशीर झालेला नाही."

मी गिरिजाकडे बघितलं नाही. आप्पा मात्र उठले. टोपी काढून त्यांनी माझ्या हातात दिली. "माझंबी बघा बाई. मला तर कायच झालं न्हाई."

ते खुर्चीत बसले, नेहमीसारखे, मान मागं टाकून. बाईंनी त्यांचा उजवा डोळा झाकला. आप्पांनी हनुवटी अजून थोडी वर केली आणि मोठ्या, ठणठणीत आवाजात वाचायला सुरुवात केली. क. मग त ल. मग पुढची ओळ. मग त्याच्या पुढची. शेवटच्या दोन ओळी राहिल्या तेव्हा म्हणाले, "इथनं पुढं पुसट हाय. वय झालं."

बाईंनी पुठ्ठा खाली घेतला. त्या आप्पांकडे बघत राहिल्या, त्यांच्या मानेकडे. "तुम्ही नेहमी असेच बसता?"

"जन्मात मान खाली घातली न्हाई," आप्पा म्हणाले.

"म्हणून वाचला तुमचा डोळा." त्यांनी स्वतःची मान मागं टाकून दाखवली. "पापणी खाली असली तरी मान वर केली की पापणीखालून दिसतं. लहान मूल आपोआप करतं ते. दोन्ही डोळ्यांनी बघता यावं म्हणून करतं. मूल तसं करतंय तोवर आम्हाला कमी काळजी असते. करायचं थांबलं की जास्त. म्हणजे त्यानं तो डोळा सोडून दिला." त्या गिरिजाकडे वळल्या. "ही कधीच मान वर करत नव्हती का?"

गिरिजानं निलूच्या फ्रॉकचा पट्टा सरळ केला. तिनं माझं नाव घेतलं नाही, ते मी आजही विसरलेलो नाही.

"करायची," मी म्हणालो. "मी मोडली ती सवय."

बाईंनी वही ओढली. "आजपासून तिला मान वर करू द्या. ऑपरेशन होईपर्यंत तेवढंच करा."

"तारीख द्या," आप्पा म्हणाले.

जिना उतरताना आप्पा माझ्यापुढं होते. खाली गल्लीत आल्यावर ते थांबले आणि माझ्याकडे न बघता म्हणाले, "तुला मान खाली घालायला कुणी शिकवलं रे? मी तर कधी बोललो न्हाई तुला."

त्यांना काय सांगणार होतो? लोक पाठीमागं त्यांची नक्कल करायचे, ते मी सहा वर्षांचा असताना बघितलं होतं. मला त्यांच्यासारखं दिसायचं नव्हतं. मी म्हणालो, "असंच. सवय लागली." त्यांनी मान हलवली आणि टोपी मागून घेतली.

ऑपरेशन त्या महिन्याच्या अखेरीला झालं. भूल देऊन. निलूला आत नेल्यावर आप्पा बाहेरच्या बाकावर दीड तास बसून होते. दुसऱ्या दिवशी पट्टी काढली तेव्हा डोळा सुजलेला, लालबुंद होता आणि गिरिजाला रडू आलं. सूज उतरायला पंधरा दिवस लागले. झोपेत तो डोळा थोडा उघडा राहायचा, त्यात रात्री मलम घालावं लागायचं. पण पापणी बाहुलीच्या वर राहिली.

खरं काम त्यानंतरचं होतं. उजव्या डोळ्यावर रोज चार तास पट्टी. निलूला ती मुळीच सोसायची नाही. पहिल्या आठवड्यात तिनं सगळ्या पट्ट्या ओरबाडून काढल्या. गिरिजाला ती चावली. मग मी म्हणालो, दुकानात आण, मी बघतो.

मी तिला बेअरिंगचे छर्रे निवडायला द्यायचो. पुढच्या चाकाचे बारीक, मागच्या चाकाचे मोठे, दोन वाट्या. तिला फरक दिसायचा नाही. बोटांनी चाचपून करायची, नाही तर सगळे एकाच वाटीत टाकायची. एकदा तिनं वाटी फेकून दिली. छर्रे दुकानभर पसरले. ती म्हणाली, "तुम्हीच लावा पट्टी."

तिच्या पट्ट्यांच्या डब्यातली एक पट्टी मी घेतली आणि माझ्या उजव्या डोळ्यावर चिकटवली. डाव्या हातानं माझी पापणी वर धरली आणि तिच्याकडे बघितलं.

हातभर अंतरावर माझी मुलगी उभी होती. मला एक पिवळा रंग दिसत होता आणि त्याच्यावर काही तरी सावळं. डोळे कुठं, तोंड कुठं, काही नाही. ती हसतेय का रडतेय तेही कळेना. ती काही बोलली असती तर बरं, असं वाटलं. तेवढ्यात तिनं माझं बोट धरलं.

"पप्पा, दिसंना?"

"नाही गं."

"चला मी नेते." तिला फार दिसत होतं अशातला भाग नाही, पण माझ्यापेक्षा तिला बरं दिसत होतं. तिनं मला दुकानातल्या दुकानात फिरवलं, इथं पंप हाय, इथं टब हाय, पाय वर घ्या. आम्ही दोघांनी खाली बसून छर्रे गोळा केले. मी एकही उचलू शकलो नाही. तिनं अकरा उचलले. त्या दिवसानंतर तिनं पट्टी ओरबाडली नाही, फक्त रोज पहिली दहा मिनिटं मलाही लावायला लावायची.

दिवाळीनंतर कधी तरी वाट्यांमध्ये चुका कमी व्हायला लागल्या. मार्चमध्ये तिनं न चुकता शंभर छर्रे निवडले. पुढच्या वर्षी डॉक्टर हेर्लेकरांनी पेटीचा दिवा लावला, उजवा डोळा झाकला, आणि निलू डाव्या डोळ्यानं खाली उतरत उतरत शेवटून दुसऱ्या ओळीपर्यंत गेली. बाईंनी तिला लिमलेटची एक गोळी दिली आणि वहीत काही तरी लिहिलं. मी पुन्हा एकदा खात्री करून घेतली, कुठली ओळ. त्यांनी बोट ठेवून दाखवली.

निलूचं पूर्ण नाव नीलांबिका. आता सांगलीत असते, बँकेत आहे. दमली की तिची डावी पापणी अजून किंचित उतरते. आप्पा जाऊन बावीस वर्षं झाली. निलूला मुलगा झाला त्याचीही पापणी आमचीच निघाली. अठराव्या दिवशी तिनं त्याला डोळ्याच्या दवाखान्यात नेलं आणि मला फोन नंतर केला. आधी कुणाला विचारलं नाही. तिच्या सासूनं म्हणे काही म्हटलं होतं, त्यावर ती फक्त एवढंच बोलली, "रिक्षा आलीय, आई."

त्याला बघायला म्हणून आम्ही दोघं सांगलीला गेलो होतो. स्टँडवरून बाहेर पडून रस्ता ओलांडत होतो, तेवढ्यात डावीकडून एक मोटारसायकल सुसाट आली. मला ती दिसली नाही. गिरिजानं माझा दंड धरून मागं ओढलं आणि ती गेल्यावर सोडला. पिशवी तिच्या दुसऱ्या हातात होती. माझ्या बाजूचा हात मोकळा होता.

पलीकडे गेल्यावर मी तिला विचारलं, "तू नेहमी डावीकडनंच चालतेस का गं?"

"हो."

"कधीपासनं?"

"मिरजेला गेलो हुतो न्हाई का," ती म्हणाली, "तवा दवाखान्यातनं खाली उतरलो, तवापासनं."